घरचा पेस्टो: बेसिल मूठभर, पालेभाजी जुडीभर

गच्चीवाली
नमस्कार मंडळी. गच्चीत बेसिलच्या कुंड्या आहेत, पानं छान येतायत पण एका वेळी खुडली तर जेमतेम मूठ-दीड मूठ निघतात आणि घरात खाणारी माणसं पाच. लेकीला पेस्टो पास्ता हवा असतो, बाहेरची बाटली आणली की दोन दिवसांत फस्त आणि भाव बघून माझा जीव वर. तर प्रश्न असा की बेसिलमध्ये पालक, कोथिंबीर, पुदिना असं काही घालून वाढवता येतो का, का मग ती नुसतीच हिरवी चटणी होणार? चिलगोजे मी घेणार नाहीये हे आधीच सांगते. साबा (सासूबाई) कडक शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही, तर चीज बघून घ्यावं लागतं म्हणतात ते नक्की काय प्रकरण आहे? आणि काळा पडतो त्याचं काय करायचं? पाककृती विभागात शोधलं, सगळं तुकड्यातुकड्यात आहे म्हणून नवीन धागा काढला.

खादाड_बोका
पेस्टो म्हणजे इटलीतली कोथिंबिरीची चटणी. वाटा आणि खा, धागा कशाला.

बंदरावरचा
बोकोबा, जरा दमानं घ्या. बोटीवर होतो तेव्हा इटलीत जिनोव्हाला बोट लागली की आमची जेवणाची जागा ठरलेली होती, त्यामुळे या विषयावर मी थोडा कडवा आहे हे मान्य करूनच लिहितो.

जिनोव्हाचा पेस्टो म्हणजे सात वस्तू. बेसिल, पाइन नट (चिलगोज्याच्या जातीचे), लसूण, खडे मीठ, पार्मिजानो (कडक चीज), पेकोरिनो (हेही चीज, तेही सार्डिनियाचं मेंढीच्या दुधाचं) आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल. बस. प्रमाण साधारण असं की 50 ग्रॅम बेसिलला 6 चमचे पार्मिजानो, 2 चमचे पेकोरिनो, 2 लसूण पाकळ्या, 1 चमचा पाइन नट आणि अर्धा कप तेल. म्हणजे बघा, नट किती कमी आहेत. आपल्याकडे लोक वाटीभर काजू घालतात आणि मग पेस्टो खातोय का काजूची ग्रेव्ही तेच कळत नाही.

तिथलं बेसिल पण वेगळं. जिनोव्हाच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे, तिथे ते लावतात, रोप लहान असतानाच मुळासकट उपटून जुड्या बांधतात, पानं छोटी, बाहेर फुगलेली. 2005 पासून त्याला युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे, आपल्या हापूसला जीआय आहे तसं. पान मोठं आणि जून झालं की त्याला पुदिन्यासारखा वास मारायला लागतो, तिथल्या माणसाला ते अजिबात खपत नाही. आणि करायचा संगमरवरी खलात, लाकडी बत्त्याने. याची जागतिक स्पर्धा भरते तिथे, 2007 पासून, साधारण दर दोन वर्षांनी, शंभर जण एका हॉलमध्ये आपापले खल घेऊन उभे राहतात.

तेव्हा पालकाचं जे काय कराल ते करा, चांगलंच लागेल, पण त्याला पेस्टो म्हणू नका एवढीच विनंती.

खादाड_बोका
शंभर जण एका हॉलमध्ये चटणी कुटतात हे वाचून ड्वाले पाणावले.

पर्णकुटी
बंदरावरचा, माहिती भारी आहे पण शेवटच्या वाक्याला माझा विरोध नोंदवून घ्या. इटलीतच सिसिलीला त्रापानी गावात बदाम आणि टोमॅटो घालून करतात आणि त्यालाही पेस्टोच म्हणतात. फ्रान्सच्या बाजूला प्रोव्हान्समध्ये नट घालतच नाहीत, सूपमध्ये ढकलतात. मग पालकानेच काय घोडं मारलंय?

गच्चीवालीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, जरा लांबेल. मी पालेभाजीवाला पेस्टो नेहमी करते आणि माझं म्हणणं एवढंच आहे की भाजीने भर घालायची आणि वासाचं काम वासाच्या पानाने करायचं. पालक, माठ, चाकवत, मुळ्याचा पाला यांना स्वतःचा सुवास म्हणावा असा नाही, त्यांचं काम रंग, अंग, दाटपणा. बेसिल, कोथिंबीर, पुदिना, शेपू, ओल्या लसणाची पात ही वासाची पानं. लोक काय करतात की पालकाची जुडी कच्ची मिक्सरला फिरवतात, वर चार बेसिलची पानं टाकतात आणि मग म्हणतात गवतासारखं लागतं. लागणारच ना!

दोन्हींची वागणूक वेगळी ठेवायची. भाजी उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, वासाची पानं कच्ची. पालक 20-30 सेकंद पुरे, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग मुठीत घेऊन पिळायचा, म्हणजे खरंच पिळायचा, दोनदा, नाहीतर ते पाणी पेस्टोत उतरतं आणि वाटीत बाजूला तळं साचतं. पिळल्यावर मोठ्या जुडीचा लिंबाएवढा गोळा होतो, घाबरू नका, तेवढाच असतो. बेसिलला मात्र गरम पाणी दाखवू नका. म्हणजे दाखवलं तर रंग टिकतो हे खरंय, पण वास अर्धा निघून जातो आणि तुमच्याकडे आधीच मूठभर आहे.

माझं प्रमाण: 100 ग्रॅम पालकाची पानं (देठ काढून, उकळायच्या आधीचं वजन), 40 ग्रॅम बेसिल, काजू तुकडा 30 ग्रॅम मंद भाजून, पूर्ण गार करून, किसलेलं कडक चीज 40 ग्रॅम, लसणाच्या 2 मध्यम पाकळ्या किंवा गावरान असेल तर 4 बारीक, तेल 80 मिली. 400 ग्रॅम पास्त्याला होतो, तुमच्या पाच जणांना पुरेल. बेसिल अजून कमी असेल तर अर्धं बेसिल अर्धी कोथिंबीर. पुदिना घालायचाच तर आठ-दहा पानं, त्याच्या वर गेलात की सँडविचची चटणी झाली समजा.

गच्चीवाली
बाप रे, एवढं व्यवस्थित! धन्यवाद पर्णकुटी. मी पालक कच्चाच घालणार होते. कोथिंबिरीचे देठ काढायचे का?

पर्णकुटी
कोवळे देठ राहू द्या, कोथिंबिरीचा खरा वास तिथेच आहे. बेसिलचे जाड देठ मात्र काढा, धागे निघतात.

लोणीसाखर
चीजचं मी सांगते कारण आमच्याकडे यावरून महाभारत झालेलं आहे. दूध फाडायला जे रेनेट वापरतात ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातून काढलेलं असतं. अस्सल पार्मिजानो रेजानोच्या नियमातच ते आहे, म्हणजे शाकाहारी पार्मिजानो रेजानो असा प्रकार अस्तित्वात नाही, तुम्ही कितीही शोधा. पेकोरिनोत बहुतेक वेळा कोकराचं असतं. ग्राना पादानोत तर रेनेट आहेच शिवाय अंड्याच्या पांढऱ्या भागातून काढलेलं लायसोझाइम घातलेलं असू शकतं, तुमच्या साबांना अंडं चालत नाही म्हणून मुद्दाम सांगतेय.

पण मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासून केलेल्या) रेनेटने केलेली पार्मेझानसारखी कडक चीज आपल्याकडे मिळतात, पाकिटावर हिरवा ठिपका बघायचा आणि घटकांची यादी वाचायची. परदेशात हिरवा ठिपका नसतो, तिथे यादीच वाचावी लागते. प्रोसेस्ड चीजचे क्यूब यात घालू नका, चिकट होतं, पास्त्यावर रबरासारखं ताणलं जातं. काहीच नसेल तर चीज न घालता भाजलेले तीळ दोन चमचे आणि मीठ किंचित जास्त, वाईट लागत नाही. व्हीगन लोक न्यूट्रिशनल यीस्ट घालतात, मला त्याचा वास झेपत नाही.

बंदरावरचा
चीज नाही, पाइन नट नाही, बेसिल अर्धं. राहिलं काय, मीठ?

खादाड_बोका
आणि तुमचा कडवेपणा काका 😀

न्यूजर्सीची_मावशी
बंदरावरचा, तुमच्याच जिनोव्हावाल्यांनी पालक घातलाय हो! आमच्या शेजारी पेरूचं कुटुंब आहे, त्यांच्याकडे तायारिनेस वेर्देस म्हणून हिरवा पास्ता करतात, पालक आणि बेसिल दोन्ही, त्यांचं ते ताजं पांढरं चीज, अक्रोड, थोडं दूधपण. एकोणिसाव्या शतकात जिनोव्हाच्या बाजूचे पुष्कळ लोक जहाजाने पेरूत गेले, तिथे बेसिल होतं पण बाकीचं मिळेना किंवा परवडेना, मग जे होतं त्यात भागवलं. आता तो त्यांचा रोजचा पदार्थ झालाय, वर बीफचा तुकडा ठेवून खातात, मी आपली उकडलेल्या बटाट्याबरोबर खाते. चव आपल्या जिभेला जास्त जवळची आहे, एवढा उग्र तेलकट नाही.

बंदरावरचा
मावशी, हे माहीत नव्हतं. पेरूपर्यंत आमची बोट कधी गेली नाही. ठीक आहे, जिनोव्हावाल्यांनीच घातला असेल तर माझी विनंती अर्धी मागे घेतो. आणि बटाट्याचं म्हणाल तर तिकडेही पास्त्याच्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी उकडतात आणि सगळं एकत्र पेस्टोत घोळवतात. पास्त्यात बटाटा म्हटल्यावर लोक हसतात पण पेस्टो त्या बटाट्याला जसा धरून बसतो ना!

आता पालकवाल्यांसाठी कामाचं. मिक्सरमध्ये ऑलिव्ह तेल सुरुवातीपासून घालून गरगर फिरवलं तर कडू होतं. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्येच तो गुण आहे, पात्याच्या वेगात त्यातली कडू द्रव्यं सुटी होतात आणि लोक बिचाऱ्या पालकाला शिव्या घालतात. थोडं तेल वाटायला, बाकीचं चमच्याने शेवटी ढवळायचं. आणि पेस्टो कढईत परतायचा नाही, कृपा करा. गॅस बंद करायचा, पास्ता भांड्यात, पेस्टो वरून, पास्त्याचं एक-दोन डाव पाणी, हलवायचं. त्या पाण्यातल्या पिठाने तेल धरून राहतं.

मिक्सरमॅन
काळा पडण्याबद्दल. पान चिरलं की त्यातलं एक एन्झाइम हवेच्या संपर्काने तपकिरी करतं, सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तेच. मिक्सर तापला की ते जोरात होतं. म्हणून भांडं आणि पातं अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, पल्सवर थांबून थांबून फिरवा, आधी काजू-लसूण-चीज बारीक करून घ्या आणि पानं सगळ्यात शेवटी, म्हणजे पानांना कमीत कमी फिरावं लागतं. धुतलेली पानं पूर्ण कोरडी हवीत. वर लिंबू पिळलं की हिरवा राहतो.

पर्णकुटी
बाकी सगळ्याला +१, लिंबाबद्दल सावकाश. आंबट घातलं की तपकिरी होणं कमी होतं हे खरं, पण हिरव्या रंगालाच आंबट सोसत नाही, तासाभरात शेवाळी मेंदी रंग येतो. पालक उकळून घेतला असेल तर एन्झाइमचा प्रश्न बराच सुटलेला असतोच, मग लिंबू वाढताना ताटात पिळा. चुका किंवा अंबाडी घालणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, चवीला अफलातून, रंगाला दोन्ही दगा देतात.

मिक्सरमॅन
ओह, म्हणून माझा संध्याकाळपर्यंत मेंदी होतो. नोंद घेतली.

आजोळची_आठवण
खलबत्त्यात करून बघितलाय का कोणी? आमच्याकडे दगडी आहे, आईचा.

बंदरावरचा
दगडी असेल तर उत्तमच, लोखंडी नको, पानं काळवंडतात. आधी लसूण आणि खडे मीठ, मग नट, मग पानं थोडी थोडी. मीठ खडेच घ्या, ते पानाला घासतं, बारीक मिठाचा इथे उपयोग नाही. आणि ठेच्यासारखं ठोकू नका, बत्ता गोल फिरवत भिंतीला घासायचा, पानं फाटली पाहिजेत, चेंदामेंदा नको. कच्च्या कोवळ्या पानांना हे छान जमतं, उकळलेल्या पालकाला नाही, त्याचा लगदा होऊन तळाशी बसतो. तो आधी सुरीने बारीक चिरा आणि शेवटी मिसळा.

तुळशीवृंदावन
मला एक कळत नाही, बेसिल म्हणजे तुळसच ना? मग दारातली का नाही घालायची?

पर्णकुटी
चुलत बहिणी आहेत. तुळशीत लवंगेसारखा उग्रपणा असतो, मूठभर वाटली तर जीभ बधिर होईल, आणि बहुतेक घरात ती वाटायला कोणी देणारही नाही. बेसिल सब्ज्याच्या जवळचं, फालुद्यातल्या सब्ज्याचं बी ज्या झाडाचं ते आणि बेसिल एकाच जातीचे प्रकार. सब्ज्याची पानं बेसिलमध्ये थोडी मिसळून बघा, वास तीव्र असतो, सगळीच ती घालू नका.

स्टुटगार्टकर
उशिरा आलो. आमच्याकडे वसंतात जंगलात रानलसूण उगवतो, जर्मन लोक बेअरलाउख म्हणतात, मार्च-एप्रिलमध्ये ओलसर जंगलात जमिनीवर हिरवा गालिचा असतो आणि अख्ख्या वाटेवर लसणाचा वास. त्याचा पेस्टो इथे घरोघर होतो. पान हेच वास आणि पान हीच भर, वेगळा लसूण लागत नाही. सूर्यफुलाच्या बिया भाजून, तेल, कडक चीज, झालं. मला ज्वारीच्या भाकरीबरोबर आवडतो (पीठ इंडियन दुकानातून).

पण इथे कोणी जर्मनीत-ऑस्ट्रियात राहणारं असेल तर हे नीट वाचा. त्याच वेळी त्याच जंगलात लिली ऑफ द व्हॅली आणि ऑटम क्रोकस या दोन विषारी झाडांची पानं येतात आणि दिसायला खूप सारखी असतात, लोक दरवर्षी चुकतात आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. पान चोळून वास घ्या असं सगळे सांगतात, पण चार पानं तोडल्यावर हातालाच लसणाचा वास लागतो, मग पुढचं प्रत्येक पान लसूणच वाटतं. त्यापेक्षा देठ बघा. रानलसणाचं प्रत्येक पान स्वतःच्या बारीक देठावर जमिनीतून एकटं वर येतं आणि मागची बाजू मंद, बिनचमकीची असते. लिलीची पानं एका दांड्यावर जोडीने येतात. एकेक पान तोडायचं, विळ्याने गवतासारखं कापायचं नाही. शंका आली तर मंडईतून विकत घ्या, महाग नसतो. आणि तोडायचा तो हातात मावेल एवढाच, घरच्यापुरता, कायद्यातही तेवढीच मुभा आहे, राखीव जंगलात तीही नाही.

न्यूजर्सीची_मावशी
स्टुटगार्टकर, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

गच्चीवाली
वाचूनच धडकी भरली, माझी मंडईतली पालकाची जुडीच बरी. अजून एक, एकदम जास्त करून ठेवला तर किती टिकतो? वर तेलाचा थर दिला की बाहेर राहतो असं एका व्हिडिओत बघितलं.

मिक्सरमॅन
अजिबात नाही! लोणच्यात तेलाखाली टिकतं कारण तिथे मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो. इथे कच्चा लसूण, ओली पानं, आंबट नाही, आणि तेलाखाली हवा नाही. बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू नेमके अशाच जागी वाढतात आणि वास किंवा चव बिघडून इशारा मिळेलच असं नाही. तेलाचा थर फक्त रंगासाठी. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढचा सगळा फ्रीजरला. चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचा, गोठला की क्यूब पिशवीत, लागेल तेव्हा काढून चीज तेव्हा किसायचं. मी पावसाळ्याच्या आधी भरून ठेवतो कारण पावसात आमचं बेसिल कुजतं.

किडनीस्टोनवाला
पालक आणि मुतखडा यावर कोणी बोलणार आहे का? मला डॉक्टरांनी पालक बंद सांगितलाय.

पर्णकुटी
मग डॉक्टरांचंच ऐका. पालकात ऑक्सलेट भरपूर, उकळून पाणी फेकलं की काही जातं, सगळं नाही. तुम्ही कोथिंबीर-बेसिलवर करा, भर म्हणून उकडलेली फरसबी किंवा मटार. आणि कोणाला रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी असेल तर अचानक वाट्यावाट्या हिरवं खाऊ नका, हिरव्या पानांतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या आड येतं.

खादाड_बोका
चटणीच्या धाग्यावर मुतखडा, विषारी पानं, रक्त पातळ. मंडळी, भूक ठेवा जरा. मी आत्ता कांद्याची पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे घालून केला, घाण्याचं शेंगदाणा तेल. थालीपिठाबरोबर. कोणाला काय म्हणायचं ते म्हणा.

लोणीसाखर
बोकोबा, फोटो? शेंगदाणा तेल घाण्याचं असेल तर दुसरा वास राहतच नाही, मी तेल अर्धं ऑलिव्ह अर्धं सूर्यफूल घेते, भाव पण सोसतो.

खादाड_बोका
फोटो काढेपर्यंत संपला.

आजोळची_आठवण
चातुर्मासात आमच्याकडे लसूण नाही. बिनलसणाचा होतो का?

बंदरावरचा
होतो की. इटलीत दुकानात बिनलसणाची बाटली वेगळी ठेवलेली असते, लसूण न सोसणारे तिथेही आहेत. चीज थोडं वाढवा. हिंग मात्र घालू नका, हे माझं शेवटचं मागणं.

विळी_आणि_खवणी
अळूचा करता येईल का? परसात माजलाय.

पर्णकुटी
नाही नाही नाही. अळू कच्चा किंवा अर्धा शिजलेला घशाला खाजतो, त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्याचं फदफदंच करा. शेवग्याचा पाला चालेल, उकळून, एकूण पानांच्या पाव भाग. मुळ्याचा पाला पण छान लागतो, किंचित तिखट, पण खरखरीत असतो म्हणून उकळायचाच.

विळी_आणि_खवणी
आणि मेथी? कडू होईल ना?

पर्णकुटी
मोठ्या पानांची होते. मुंबईत असाल तर समुद्रमेथी मिळते ना, रेतीत लावलेली, बोटभर उंचीच्या बारीक जुड्या, ती घ्या. कडवटपणा बेताचा असतो, उकळायची गरज नाही, अक्रोडाबरोबर जमते आणि वर किंचित गूळ किसला तरी कोणी ओरडणार नाही. फक्त मुळं छाटून चार-पाच पाण्यांतून धुवा, पातेल्यात बुडवून वरच्यावर उचलायची, चाळणीत ओतायची नाही, नाहीतर खाली बसलेली रेती परत पानांवर येते.